हल्याळच्या वाटेवरची वंशावळ

माझ्या माहेरी देवघराशेजारच्या फडताळात एक लांबलचक कागद गुंडाळून ठेवलेला आहे. ती आमच्या घराण्याची वंशावळ. काकांनी जुन्या बाडांवरून ती स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली. वर मूळ पुरुषाचे नाव, खाली फांद्या, फांद्यांना डहाळ्या, अशा नऊ पिढ्या. गणपतीत सगळे जमले की काका तो कागद उलगडत आणि आम्ही मुले आपापले नाव शोधत असू. भावांची सापडत. माझे कधी सापडले नाही. आईचे नव्हते, आजीचेही नव्हते. मी विचारले तेव्हा काका म्हणाले, "अगं, मुलींचं नाव सासरच्या वंशावळीत येतं." लग्न होऊन सासरी गेले, तिथली वंशावळ पाहिली. तिथेही नव्हते!

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण म्हणजे या हिवाळ्यात केलेला हल्याळचा एक प्रवास. आणि त्या प्रवासाचे मूळ आहे माझ्या हातून वर्गात घडलेल्या एका चुकीत.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. २०१७ सालच्या जून महिन्यात बी. ए. च्या नव्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसला होता. रंग काळाभोर, केस बारीक कुरळे. आपल्या गावात परदेशी विद्यार्थी शिकायला येतातच, तसाच हा असेल अशा समजुतीने मी त्याला इंग्रजीत विचारले, "कुठल्या देशातून आलास?" तो उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, "मॅडम, मी खानापूर तालुक्यातला. सिद्दी." वर्ग हसला. तो खाली बसला. पुढे महिनाभर त्याने माझ्या तासाला तोंड उघडले नाही.

खरे सांगायचे तर 'सिद्दी' म्हटले की मला आठवे तो पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर, साल १६६०. नाहीतर जंजिऱ्याचा सिद्दी, ज्याचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. इथिओपियात जन्मलेला, अहमदनगरची निजामशाही सावरणारा आणि १६२६ साली मरण पावलेला मलिक अंबर मी दरवर्षी शिकवते. विजापूरच्या दरबारातला इखलासखान हबशी चित्रांतून ओळखीचा आहे. हे सगळे सरदार, सुभेदार, किल्लेदार. पण माझ्या घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर जंगलाच्या कडेला भात पिकवणारे सिद्दी आहेत, ते आपलीच भाषा बोलतात, याची मला फक्त ऐकीव माहिती होती. इतिहासाच्या प्राध्यापिकेला हे शोभणारे नव्हते.

त्या मुलाशी माझे बोलणे पुन्हा सुरू झाले ते एका अर्जामुळे. शिष्यवृत्तीचा अर्ज होता आणि त्यात अनुसूचित जमातीचा दाखला मागितला होता. त्याच्याकडे तो नव्हता. हल्याळला राहणाऱ्या त्याच्या मामेभावाकडे मात्र होता. झाले होते असे : २००३ साली सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतले गेले, पण ते उत्तर कन्नड जिल्ह्यापुरते. खानापूर तालुका पडला बेळगाव जिल्ह्यात. त्याची आई हल्याळची, म्हणून ती जमातीची. बाप खानापूरचा, म्हणून बाप नाही. आणि मुलाचा दाखला बापावरून! आजोळ आणि घर यांच्यामध्ये जिल्ह्याची एक हद्द होती, आणि तिने एका घराचे दोन भाग केले होते. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हद्द म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. पण ही हद्द मला नवीन होती.

बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचा समावेश करणारा कायदा संसदेने २०२० साली केला. तोपर्यंत माझा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला होता. त्याचा उपयोग झाला तो त्याच्या धाकट्या बहिणीला. "मॅडम, एकदा आमच्या आजोळी या," असे तो दरवर्षी म्हणे. या हिवाळ्यात अखेर योग आला.

सकाळच्या बसने खानापूर गाठले. तिथून नंदगडमार्गे हल्याळ. या रस्त्यावर भाषा कधी बदलते ते कळतच नाही. कंडक्टर पुढच्या बाईला "यावूर री?" म्हणून विचारतो आणि मागच्या आजोबांना "कुठं उतरणार?" म्हणतो, आणि दोघांनाही त्यात काही वेगळे वाटत नाही. नंदगडला बस थांबली. कित्तूरच्या लढ्यातल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ साली फाशी दिले ते हेच गाव. रायण्णाच्या साथीदारांत गजवीर नावाचा एक सिद्दी होता, असे या भागात सांगतात. पुढे सागवान आणि बांबू दाट होत जातो. भाताची कापणी उरकलेली, शेतात गवताच्या गंज्या उभ्या. हल्याळच्या स्टँडवर माझा विद्यार्थी मोटरसायकल घेऊन उभा होता. तो आता एका शाळेत अतिथी शिक्षक आहे.

गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. कॅमेरे घेऊन 'भारतातली आफ्रिका' पाहायला येणाऱ्यांचा तिथल्या माणसांना कंटाळा आला आहे. "येतात, नाचा म्हणतात, फोटो काढतात, जातात," असे त्याचा मामा म्हणाला. त्यांचा दमामी नाच प्रसिद्ध आहे खरा, पण सुगीच्या दिवसांत भरदुपारी कोण नाचणार?

गाव म्हणजे वीस-पंचवीस कौलारू घरे. शेणाने सारवलेली अंगणे, दारात तुळस. एका घरावर क्रूस, तर एका घरात कुराणाची आयत चौकटीत लावलेली. सिद्दींत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत आणि तिघांतही आपण सिद्दी ही जाण पक्की. यल्लापूर तालुक्यात सातुंबैलला सिद्दीनास या त्यांच्या देवाचे ठाणे आहे. घरातली बोली कोकणी, पण मराठी आणि कन्नड शब्दांनी भरलेली. मुसलमान घरांतून उर्दू. शाळेची भाषा कन्नड, बाजाराची भाषा समोर गिऱ्हाईक असेल ती.

ओसरीवर त्याची आजी गोधडी शिवत बसली होती. आपण तिला वाकळ म्हणतो, कन्नडमध्ये कौदी, सिद्दी बायका तिला कवंद म्हणतात. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे थर घालून त्यावर दोरा मारतात. कवंदाची रीत निराळी. आजी कडेपासून सुरुवात करते, तुकड्याला तुकडा जोडत चौफेर फिरते आणि हळूहळू मध्यावर येते. चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले बसवल्याशिवाय कवंद पुरे होत नाही. जुनी साडी, नातवाचा शाळेचा शर्ट, लुंगी, परकर, घरातल्या सगळ्यांचे काही ना काही त्यात येते.

मी तिच्या शेजारी बसले. तिला ठाऊक होते की मी 'मूळ शोधणारी मास्तरीण' आहे. नातवाने तसे सांगून ठेवले होते. तिने दोऱ्यातून नजर न काढता विचारले, आमच्या लोकांचे रक्त तपासून शास्त्रज्ञांनी काय काढले?

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींच्या जनुकांचा अभ्यास करून २०११ साली तो प्रसिद्ध केला, तो मी वाचला होता. आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी त्यातला अवघड भाग मला दोन दुपारी समजावून दिला होता. आजीला जे सांगितले तेच वाचकांसाठी जरा विस्ताराने लिहिते.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतले 'वाय' नावाचे गुणसूत्र फक्त पुरुषांत असते आणि ते बापाकडून मुलाला जवळजवळ जसेच्या तसे मिळते. पूर्वी पोथ्या हाताने उतरवत, तसेच हे. एखाद्या नकलकाराच्या हातून एक अक्षर चुकले की त्या नकलेवरून केलेल्या पुढच्या सगळ्या नकलांत ती चूक उतरते. पुढे कधी दोन गावांत तीच चूक असलेल्या पोथ्या सापडल्या, तर त्या एकाच मूळ पोथीच्या हे ओळखता येते. वाय गुणसूत्रातल्या अशा चुकांवरून पुरुषांच्या वंशाच्या शाखा ठरवल्या आहेत.

'एम२' ही अशीच एक खूण. पश्चिम आफ्रिकेत कुठल्याशा एका पुरुषाच्या वाय गुणसूत्रात ती प्रथम उमटली. आज नायजेरिया आणि कॅमेरून यांची हद्द जिथे आहे, त्या भागात बांटू कुळातल्या भाषा बोलणारे शेतकरी राहत. सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वी त्यांनी पसरायला सुरुवात केली. बरोबर याम नावाच्या कंदांचे बियाणे, तेलताड, पुढे धान्ये आणि लोखंडाची विद्या. एक पिढी जंगल तोडून शेत करी, पुढची पिढी आणखी पुढे जाई. असे करत ते पूर्वेला मोठ्या सरोवरांपर्यंत आणि दक्षिणेला, आग्नेयेला हिंदी महासागराच्या काठापर्यंत पोचले. आज आफ्रिकेच्या निम्म्या दक्षिण भागात बोलल्या जाणाऱ्या स्वाहिली, झुलू, मखुवा यांसारख्या शेकडो भाषा त्याच कुळातल्या. भाषेबरोबर, शेतीबरोबर बापांची ती खूणही गेली. कुणा राजाने केलेली ही स्वारी नव्हती. आपल्या पूर्वजांनीही रान साफ करून गावे वसवली, तशीच ही वाटचाल.

मोझांबिकच्या किनाऱ्यावर ती पोचली, तिथे पुढे पोर्तुगीज आले. त्यांनी १५१० साली गोवा घेतला. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहूनच चाले. मोसमी वाऱ्यांवर जहाजे येत-जात. त्यांत सोने असे, हस्तिदंत असे आणि माणसे असत. ती गोव्याच्या बाजारात विकली जात, घरकामाला, पालखी वाहायला, छत्री धरायला. जी पळू शकली ती घाट चढून आली. घाटावर पोर्तुगीजांचा अंमल नव्हता आणि सुपा, हल्याळ, यल्लापूरचे रान एवढे दाट होते की शोधणाऱ्याला माणूस सापडू नये. पोर्तुगालने १८३६ साली गुलामांचा व्यापार बंद केला, कागदोपत्री गुलामगिरी संपायला १८६९ साल उजाडले.

कर्नाटकातल्या सिद्दी पुरुषांपैकी सुमारे ४२ टक्क्यांत ही बांटूंची एम२ खूण सापडली. आणखी १४ टक्क्यांत आफ्रिकेतलीच दुसरी, त्याहून जुनी शाखा. म्हणजे शंभरांतले छप्पन पुरुष बापाच्या वाटेने थेट आफ्रिकेत पोचतात. मलिक अंबराचा इथिओपिया वेगळा, यांची वाट वेगळी. 'हबशी' या एका शब्दाखाली आपण दोन निराळ्या गोष्टी कोंबत आलो.

इतके सांगून झाल्यावर आजीने "हूं" केले. बापांचे तिला नवल वाटले नाही. दर्यापलीकडून आलो हे तिने लहानपणीच ऐकले होते.

"पण आयांचं वेगळं निघालं," मी म्हणाले.

आता तिने सुई थांबवली.

आईकडून मुलांना मिळणारा एक निराळा ठेवा असतो. मायटोकॉन्ड्रिया नावाच्या पेशीतल्या कणांमधला तो डीएनए. मुलगा असो वा मुलगी, तो आईकडूनच येतो आणि पुढे मात्र फक्त लेकीच देतात. त्यावरून आईची आई, तिची आई, अशी वाट शोधता येते. कर्नाटकातल्या सिद्दींमध्ये ही वाट आफ्रिकेला जाते ती सुमारे २४ टक्क्यांची. उरलेल्या तीन चतुर्थांश लोकांची इथेच, याच मुलखात राहते. संशोधकांच्या हिशेबाने हा मिलाफ गेल्या आठ पिढ्यांतला, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांतला. गुजरातच्या सिद्दींमध्ये आयांच्या बाजूने आफ्रिकेचा वाटा ५३ टक्के भरला. आपल्याकडे तो त्याच्या निम्म्याहूनही कमी.

याचा सरळ अर्थ असा, की रानात पळून आलेल्यांत पुरुष जास्त असावेत आणि त्यांच्याबरोबर संसार मांडणाऱ्या बायका पुष्कळदा इथल्याच होत्या. कोण असतील त्या? कुठल्या वस्तीतल्या, कुठल्या जातीच्या? सगळ्याच राजीखुशीने आल्या असतील असेही मी म्हणणार नाही. पण परमुलखातून आलेल्या, मालकाने नाव बदललेल्या त्या पुरुषांच्या मुलांना ज्यांनी भात शिजवायला, भाषा बोलायला, देवापुढे दिवा लावायला शिकवले, त्या बायका या मातीतल्या होत्या. वर्गात मी ज्याला "कुठल्या देशातून आलास?" म्हणून विचारले, तो कदाचित आयांच्या वाटेने माझ्याइतकाच, किंवा माझ्याहून जुना इथला असेल. त्याचा चेहरा पाहून मी त्याच्या बापांची वाट तेवढी पाहिली. सरकारी दाखल्यानेही तेच केले. आणि आमच्या घरातल्या वंशावळीनेही.

आजी बराच वेळ गप्प होती. मग तिच्या कोकणीत तिने विचारले, "आनी गांव? गांव खंयचो?"

गाव कुठले, ते निघाले का?

नाही, आजी. ते निघत नाही. खूण सापडते, खंड सापडतो, भाषेचे कूळ सापडते. पण कुठल्या गावातून नेले, आईने कुठले नाव ठेवले होते, घर नदीकाठी होते की डोंगरात, हे रक्तात लिहिलेले नसते. मला ते सांगताना अपराध्यासारखे वाटले. तिने मात्र मान हलवली, "बरं" म्हणाली आणि कवंद माझ्या बाजूला सरकवून दाखवले. तीन कोपऱ्यांची फुले झाली होती, चौथे बाकी होते.

दुपारी जेवण झाले. भात, सुक्या मासळीची आमटी, रानातली कसलीशी भाजी. निघताना त्याच्या बहिणीने मला आपला दाखला आणून दाखवला. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून ठेवला होता. सिद्दी समाजातून विधिमंडळात पोचलेले पहिले गृहस्थ शांताराम सिद्दी २०२० साली विधान परिषदेवर नेमले गेले, त्यांचा फोटो तिच्या भिंतीवर होता. ती पुढे शिकायचे म्हणते आहे. काय शिकणार विचारले, तर म्हणाली, "इतिहास नको मॅडम, नर्सिंग." आम्ही तिघेही हसलो. तो महाविद्यालयातल्या पहिल्या दिवसाचा विषय मीच काढला आणि आठ वर्षे मनात ठेवलेली माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही निदान विचारलं तरी. बाकीचे ठरवूनच मोकळे होतात." त्याने मला सोडवले खरे, पण माझी चूक त्याने लहान होत नाही.

परतीच्या बसमध्ये अंधार पडला. माझ्या मनात माझी आजी होती, आईची आई. ती धारवाडकडची, कन्नड घरातली. लग्न होऊन बेळगावला मराठी घरात आली. मराठी तिने चाळिशीपर्यंत मोडकेतोडकेच बोलले, पण रागावली की अस्सल कन्नड. आईच्या अंगाई कन्नड, माझ्याही पहिल्या चार-पाच शब्दांतले दोन कन्नड असावेत. आपल्यापैकी कितीतरी घरांत अशी एखादी अज्जी आहे. घराचे आडनाव एका बाजूचे आणि घरातली चव, ओव्या, शिव्या दुसऱ्या बाजूच्या. बाहेर कुणी विचारले की आपण आडनाव सांगतो आणि तेवढ्यावर आपण कोण ते ठरून जाते.

गेल्या रविवारी माहेरी जाऊन मी काकांकडून तो कागद मागून घेतला. काका आता थकले आहेत. म्हणाले, "काय करायचं ते कर, पण मूळ कागदावर खाडाखोड नको." म्हणून शेजारी दुसरा कागद जोडला आहे. त्यावर मी आयांची ओळ लिहायला घेतली. माझी लेक, मी, आई, आजी. चार नावे भराभर लिहून झाली. पाचव्या नावाशी पेन अडले. आजीची आई कोण? आईला आठवेना. धारवाडच्या मामांना फोन केला. ते म्हणाले, "सगळे तिला अव्वाच म्हणायचे गं. नाव कुणी घेतलंच नाही कधी. गाव मात्र पक्कं माहीत आहे."

मी गाव लिहून घेतले. नावाची जागा सध्या कोरीच ठेवली आहे.